फ्रीजचा दिवा पेटलेला, औषध मात्र कोमट: रुग्णवाहिकेतील शीत औषधांचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

सहा रुग्णवाहिका चालवणाऱ्या एका आपत्कालीन सेवेत औषधसाठ्याची देखरेख माझ्याकडे होती. त्या काळात घडलेले हे प्रकरण आहे. सेवेची आणि संबंधितांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. तांत्रिक क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

प्रत्येक गाडीत 12 व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर फ्रीज बसवलेला होता, काही गाड्यांत रुग्णकक्षाच्या मागच्या कपाटात, तर काहींत चालकाच्या आसनामागे. त्यात पाच औषधे असत: प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी ऑक्सिटोसिन, श्वासनलिकेत नळी घालताना लागणारी सक्सामेथोनियम आणि रोक्युरोनियम ही स्नायू शिथिल करणारी दोन औषधे, झटक्यांसाठी लोराझेपाम आणि रुग्ण एका रुग्णालयातून दुसरीकडे हलवताना कधीमधी लागणारे इन्सुलिन. या पाचही औषधांच्या वेष्टनावर 2 ते 8 अंश सेल्सिअस हीच मर्यादा छापलेली असल्यामुळे ती एकाच फ्रीजमध्ये, एकाच नियमाखाली ठेवली जात होती. ही पाच औषधे उष्णतेला एकसारखा प्रतिसाद देत नाहीत, याकडे आम्ही कोणीही लक्ष दिले नव्हते.

तापमानाची नोंद पाळी बदलताना, म्हणजे दिवसातून दोनदा, फ्रीजच्या दर्शकावर दिसणारा आकडा वहीत लिहून केली जात असे. मागच्या कित्येक महिन्यांच्या वह्यांमध्ये 4, 5, 4, 6 असे निर्दोष आकडे होते. आज मागे वळून पाहता, इतक्या सरळ नोंदींनीच आम्हाला सावध करायला हवे होते.

अडचण कशी उघड झाली

वार्षिक साठातपासणीसाठी आम्ही प्रत्येक फ्रीजमध्ये एकेक डेटा लॉगर, म्हणजे तापमान सतत आपोआप नोंदवणारे छोटे उपकरण, ठेवले. त्याचा संवेदक मोकळ्या हवेत न ठेवता ग्लायकॉल भरलेल्या लहान बाटलीत बुडवला होता, कारण आम्हाला फ्रीजमधल्या हवेचे नव्हे, तर कुपीतल्या द्रवाचे तापमान हवे होते. आठवड्याने आलेख काढले तेव्हा पाच गाड्यांचे आलेख बरे होते. सहाव्या गाडीच्या आलेखात मात्र दर दोन-तीन रात्रींनी एक डोंगर उभा राहिलेला दिसला. रात्री साडेनऊच्या सुमारास तापमान चढू लागे, पहाटे ते 19 अंशांपर्यंत पोहोचे आणि सकाळी आठनंतर हळूहळू उतरून दुपारी पुन्हा 5 अंशांवर येई.

त्याच दिवसांच्या वहीत सकाळी आठची नोंद 5 अंश होती आणि ती लिहिणाऱ्याने खोटे काहीच लिहिले नव्हते. सकाळच्या पाळीचा चालक आधी इंजिन चालू करून दिवे, भोंगा आणि इंधन तपासत असे, त्यानंतर पॅरामेडिक मागे जाऊन औषधे मोजत असे. या पंधरा-वीस मिनिटांत फ्रीज पुन्हा सुरू झालेला असे. दर्शकाचा संवेदक शीतपट्टीला लागूनच असल्यामुळे तो लगेच 5 दाखवू लागे, कुपीतला द्रव मात्र अजून 17 अंशांवर असे. थोडक्यात, आमची तपासणीची पद्धतच दोष झाकत होती.

पहिला निर्णय: हाताशी असलेल्या औषधांचे काय करायचे

त्या गाडीतली सर्व शीत औषधे काढून ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावलेल्या पिशवीत घातली आणि केंद्रातल्या फ्रीजमध्ये वेगळी ठेवली. फेकून देण्याची घाई केली नाही आणि वापरात परत घेण्याचीही केली नाही. एखादे औषध संशयित ठरले की ते आधी थंड जागी वेगळे ठेवावे आणि मग निर्णय घ्यावा, हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण विचार चालू असताना औषध टेबलावर पडून राहिले तर प्रश्न आणखी बिघडतो.

त्यानंतर प्रत्येक औषधाचा स्वतंत्र विचार झाला. रोक्युरोनियमच्या माहितीपत्रकात, फ्रीजबाहेर 25 अंशांपर्यंत ठेवल्यास 60 दिवसांत वापरावे, असे म्हटले होते. आमच्याकडच्या सक्सामेथोनियमच्या बहुमात्रा कुपीसाठी हीच मुदत 14 दिवस होती. पारा 19 अंशांच्या वर गेला नसल्यामुळे ही दोन्ही औषधे कागदावर वाचू शकत होती. पण हा प्रकार किती दिवस चालू होता, याची नोंद कोणाकडेही नव्हती. लॉगर ठेवला त्या दिवसापासूनचेच आम्हाला माहीत होते. रोक्युरोनियमचा तो साठा वीस दिवसांपूर्वीच गाडीत आल्याची पावती असल्याने, सगळे वीस दिवस फ्रीजबाहेर गेले असे धरूनही ते मुदतीत बसत होते. नवी तारीख लिहून ते ठेवले. सक्सामेथोनियम त्याच हिशेबाने बाद झाले. ऑक्सिटोसिन, लोराझेपाम आणि इन्सुलिन यांच्या बाबतीत किती उष्णता किती वेळ लागली हे सिद्ध करता येत नसल्यामुळे ती नष्ट केली.

लॉगरच्या आकड्यांवरून सरासरी गतिज तापमान, म्हणजे चढउतारांचा औषधावर होणारा एकूण परिणाम दाखवणारा एकच आकडा, काढून औषधे वाचवावीत, अशीही सूचना आली होती. ही पद्धत गोदामांमध्ये वापरली जाते आणि ती चुकीची नाही. परंतु तिला सलग नोंदी लागतात आणि आमच्याकडे आठवडाभराच्याच होत्या. अपुऱ्या नोंदींवर काढलेल्या सरासरीने निर्णयाला शास्त्रीय रूप मिळाले असते, आधार मात्र मिळाला नसता.

कारणाचा शोध, आणि आमची पहिली चूक

पहिला अंदाज सर्वांचा एकच होता: बॅटरी थकली. गाडीची मूळ बॅटरी बदलली. पुढच्या दोन रात्री आलेख सपाट आला, आम्ही प्रकरण मिटल्याचे धरले आणि तिसऱ्या रात्री डोंगर पुन्हा उभा राहिला. विशेष म्हणजे त्या सकाळी नवी बॅटरी मोजली तेव्हा ती 12.4 व्होल्ट होती. म्हणजे ती भक्कम होती आणि इंजिन एका दमात चालू झाले.

इथे कार्यशाळेतल्या इलेक्ट्रिशियनने योग्य प्रश्न विचारला. बॅटरीपाशी किती व्होल्ट आहेत हे सगळे मोजतात, फ्रीजपाशी किती पोहोचतात हे कोणी मोजले आहे का? मग कॉम्प्रेसर चालू असताना फ्रीजच्या प्लगपाशी मोजले. तिथे 11.6 व्होल्ट होते. पाऊण व्होल्टहून थोडा अधिक दाब वाटेतच खर्ची पडत होता.

हिशेब साधा आहे. बॅटरीपासून फ्रीजपर्यंत 6 मीटर अंतर होते. जाणारी आणि येणारी मिळून 12 मीटर वायर. ती 1.5 चौरस मिलिमीटरची होती. एवढ्या तांब्याचा रोध साधारण 0.14 ओहम होतो आणि सिगारेट लायटरसारख्या सैल सॉकेटच्या संपर्कबिंदूंची त्यात भर पडते. कॉम्प्रेसर 4 अँपिअर ओढू लागला की वायरमध्ये अर्ध्या व्होल्टहून अधिक आणि सॉकेटमध्ये उरलेली घट होते. फ्रीजमध्ये गाडीची बॅटरी वाचवण्यासाठी कमी विद्युतदाबाला (व्होल्टला) बंद होणारे संरक्षण होते. ते ‘उच्च’ या टप्प्यावर लावलेले होते, म्हणजे 11.8 व्होल्टच्या खाली फ्रीज बंद आणि 12.7 च्या वर गेल्यावरच पुन्हा चालू.

आता सगळे जुळले. नवी बॅटरी 12.7 व्होल्टवर असेपर्यंत फ्रीजला 11.9 च्या आसपास मिळत होते आणि तो कसाबसा तग धरत होता. बॅटरी 12.5 पर्यंत उतरली, जे तिच्या दृष्टीने अगदी सामान्य आहे, की फ्रीजला ती मरायला टेकलेली दिसे आणि तो बंद पडे. बंद पडल्यावर भार जाई आणि दाब पुन्हा 12.5 होई, पण उभ्या गाडीत तो 12.7 कधीच होणार नव्हता. त्यामुळे सकाळी इंजिन चालू होईपर्यंत फ्रीज झोपलेलाच राही. दर्शकावरचा हिरवा दिवा मात्र रात्रभर पेटलेला असे, कारण त्याला लागणारी वीज नगण्य होती.

मग उरलेल्या पाच गाड्या बऱ्या का होत्या? त्यांतल्या चार गाड्यांचे फ्रीज चालकाच्या आसनामागे, बॅटरीच्या जवळ होते. पाचवीचे उत्तर अधिक अस्वस्थ करणारे निघाले. तिच्यातही वायर तशीच लांब आणि बारीक होती. परंतु कोणीतरी पूर्वीच संरक्षणाचा टप्पा ‘नीच’, म्हणजे बराच कमी दाब होईपर्यंत फ्रीज चालू ठेवणारा, करून ठेवला होता. फ्रीज कधीच बंद पडत नव्हता. आणि याच गाडीचे इंजिन दोन महिन्यांपूर्वी एका रात्री कॉल आल्यावर चालू झाले नव्हते. सेल्फ नुसता टकटक करत राहिला आणि दुसरी गाडी पाठवावी लागली. त्या घटनेच्या अहवालात ‘बॅटरी निकामी’ एवढेच लिहिले होते. फ्रीजचा उल्लेखही नव्हता.

त्यामुळे प्रश्नाचे स्वरूपच बदलले. एकाच बॅटरीकडून आम्ही दोन गोष्टी मागत होतो: औषध थंड ठेव आणि इंजिन चालू कर. एका गाडीत त्या भांडणात इंजिन जिंकले होते आणि दुसरीत औषध. कोणी जिंकायचे हे कोणीच ठरवलेले नव्हते.

मधल्या काळातली सोय, आणि दुसरी चूक

कायमचा उपाय होईपर्यंत सहाव्या गाडीतल्या फ्रीजमध्ये रात्री आइस पॅक ठेवावेत, असे ठरले. तो निर्णय माझा होता आणि तो चुकला. पॅक थेट उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमधून काढून कुप्यांना खेटून ठेवले गेले आणि लॉगरने दोन तास उणे 1.5 अंश नोंदवले. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर वरवर ठीक दिसले तरी वापरायचे नसते. नवीन भरलेला सगळा साठा पुन्हा बाद झाला. उष्णतेचे नुकसान बहुधा हळूहळू साचत जाते आणि त्याचा हिशेब काही प्रमाणात मांडता येतो. गोठण्याच्या बाबतीत अशी सवलत नाही. लसीकरणाच्या शीतसाखळीत काम केलेल्या कोणालाही हे ठाऊक असते; म्हणूनच तिथे आइस पॅक हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत बाहेर ठेवून मगच डब्यात घालण्याची रीत आहे. आम्ही ती रीत वापरली नाही.

त्यानंतर दुसरी सोय केली. गाडी केंद्रात उभी असताना औषधांचा डबा इमारतीतल्या फ्रीजमध्ये आणून ठेवायचा. कॉल आल्यावर डबा विसरला जाण्याचा धोका उघड होता आणि चौथ्याच दिवशी तो विसरला गेलाही. मग एका चालकाने सुचवले की गाडीची किल्ली डब्याच्या कडीलाच अडकवून ठेवावी. त्यानंतर डबा एकदाही मागे राहिला नाही. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय हाच होता.

पर्याय

वैद्यकीय संचालक, कार्यशाळा आणि औषधविभाग यांच्या बैठकीत बहुतेक चर्चा वायर आणि बॅटरीवर होईल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात पहिला तास एकाच प्रश्नावर गेला: या पाच औषधांपैकी कोणती गाडीत असणे खरोखर आवश्यक आहे? विजेची गरज कमी करण्याचा मार्ग औषधांच्या यादीतून जातो, हे मला त्या दिवशी कळले.

लोराझेपामची चर्चा लवकर संपली. रुग्णालयापूर्वीच्या उपचारात स्नायूत दिलेले मिडाझोलाम आणि शिरेतून दिलेले लोराझेपाम यांची तुलना करणारी रॅम्पार्ट ही चाचणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली होती. रुग्णालयात पोहोचेपर्यंत, आणखी औषध न देता झटके थांबलेल्या रुग्णांचे प्रमाण मिडाझोलाम गटात 73.4 टक्के आणि लोराझेपाम गटात 63.4 टक्के होते. मिडाझोलामला फ्रीज लागत नाही. संचालकांनी बदलास मान्यता दिली. इन्सुलिनही गाडीतून काढले. रस्त्यावरच्या तातडीत साखर उतरलेल्या रुग्णाला ग्लुकोज लागते. इन्सुलिन लागते ते नियोजित स्थलांतरात, आणि तेव्हा ते पाठवणाऱ्या रुग्णालयाकडून शीत पिशवीत रुग्णासोबत घेता येते.

ऑक्सिटोसिनच्या जागी उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन वापरावे का, यावर मतभेद झाले. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या शिफारशींत प्रसूतीनंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठी त्याचा समावेश केला आहे, आणि 30 अंशांपर्यंत त्याला फ्रीज लागत नाही. परंतु ती शिफारस प्रतिबंधासाठी आहे, सुरू झालेल्या रक्तस्रावावरील उपचारासाठी नाही, आणि आमच्या गाड्यांना बोलावणे येते ते बहुधा रक्तस्राव सुरू झाल्यावर. शिवाय उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत आतले तापमान 30 अंशांवर कितीतरी वर जाते. ऑक्सिटोसिन राहिले.

याच कारणाने दोन्ही स्नायुशिथिलके ‘खोलीच्या तापमानाला चालतात’ म्हणून बाहेरच्या कप्प्यात ठेवण्याची सूचनाही फेटाळली. माहितीपत्रकातली खोली म्हणजे 25 अंशांची खोली. तापलेली गाडी नव्हे.

उपकरणांच्या बाजूला, पेल्टियर पद्धतीचा शीतडबा स्वस्त आणि आवाजरहित असला तरी तो बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण 15 ते 20 अंशच खाली जाऊ शकतो आणि सतत वीज ओढतो, म्हणून तो बाद झाला. 5 अंशांना वितळणाऱ्या पदार्थाचे पॅक भरलेला, विजेविना चालणारा डबा हा चांगला पर्याय होता. पण ते पॅक रोज बदलण्याची शिस्त सहा गाड्यांत आणि प्रत्येक पाळीत टिकेल, याची खात्री आम्हाला नव्हती. उरला तो वेगळ्या बॅटरीचा मार्ग.

काय केले

फ्रीजसाठी प्रत्येक गाडीत 100 अँपिअर-तासांची स्वतंत्र एजीएम (सीलबंद शिसे-आम्ल प्रकारची) बॅटरी बसवली. लिथियम बॅटरी हलकी असते आणि तिची अधिक क्षमता वापरता येते, हे मान्य आहे. परंतु एजीएम तपासण्याची सवय आमच्या कार्यशाळेला होती आणि जे तपासता येत नाही ते गाडीत बसवू नये, असे माझे मत होते. तिची निम्मी क्षमता, म्हणजे 50 अँपिअर-तास, वापरण्याजोगी धरली. तापलेल्या गाडीत कॉम्प्रेसर सत्तर टक्के वेळ चालला तर सरासरी 2.8 अँपिअर लागतात; त्यामुळे इंजिन बंद असताना सुमारे 18 तास मिळतात. आमची कोणतीही गाडी वीजजोडणीविना 12 तासांपेक्षा जास्त उभी राहत नव्हती.

ही बॅटरी इंजिन चालू असताना भरायची कशी, यात एक खाच होती. साधा रिले मूळ बॅटरीचा दाब 13.3 व्होल्टच्या आसपास गेला की दोन्ही बॅटऱ्या जोडतो. आमच्या दोन नव्या गाड्यांचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालणारा वीजनिर्माता, मात्र इंधन वाचवण्यासाठी दाब मुद्दाम खाली आणत असे. तिथे रिलेने बहुतेक वेळ बॅटऱ्या जोडल्याच नसत्या. म्हणून सर्वच गाड्यांत दाब वाढवून देणारा 20 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर घेतला. केंद्रात उभ्या गाडीसाठी बाहेरून वीज देणारी केबल आणि चार्जर जोडला. फ्रीजची वायर 6 चौरस मिलिमीटरची केली, बॅटरीजवळ फ्यूज घातला आणि लायटरचे सॉकेट काढून घट्ट बसणारा, कुलूपबंद कनेक्टर लावला. बॅटरी आता वेगळी असल्यामुळे फ्रीज बंद पडण्याच्या टप्प्याचा इंजिनाशी संबंध उरला नाही.

वहीतली नोंदही बदलली. इंजिन चालू करण्याआधी, लॉगरवरचे किमान आणि कमाल तापमान लिहायचे. त्या क्षणीचा आकडा लिहायचाच नाही. तापमान मर्यादेबाहेर गेल्यावर वाजणाऱ्या गजराला तीस मिनिटांचा विलंब दिला, कारण पहिल्या आठवड्यात दार उघडले की गजर वाजे आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्यावर चिकटपट्टी लावलेली सापडली.

परिणाम

पुढच्या तीन महिन्यांत सहा गाड्यांमध्ये मिळून 8 अंशांवर जाण्याचा एकच प्रसंग घडला आणि तो दार नीट न लागल्यामुळे. तापमान 13 अंशांपर्यंत गेले होते. नव्या नियमानुसार दोन्ही स्नायुशिथिलकांवर कमी केलेली तारीख लिहिली आणि ती लवकर वापरली जावीत म्हणून शस्त्रक्रिया विभागाला दिली. एका रात्री बाहेरची केबल जोडायची राहिली होती; स्वतंत्र बॅटरीने अकरा तास फ्रीज चालवला आणि इंजिन पहाटे नेहमीसारखे चालू झाले.

वेगळे काय करता आले असते

बॅटरी बदलण्याआधी फ्रीजच्या टोकाला, भार चालू असताना, दाब मोजायला हवा होता. हे पाच मिनिटांचे काम होते आणि ते न केल्यामुळे आठवडा गेला. त्या आठवड्यात दोन सपाट रात्रींवर विश्वास ठेवून आम्ही गाडीत नवा साठाही भरला, ही त्याहून मोठी चूक होती. दोष आलटून पालटून दिसत असेल तर तो गेला हे मानण्याआधी त्याच्या नेहमीच्या आवर्तनाच्या दोन-तीन पट वाट पाहायला हवी.

इंजिन चालू न झाल्याची घटना आणि फ्रीजची तक्रार वेगवेगळ्या वह्यांत, वेगवेगळ्या विभागांकडे गेली. टप्पा बदलणाऱ्याला मी आजही दोष देणार नाही. त्याने आपल्यासमोरचा प्रश्न सोडवला होता. गाडीतल्या विजेवर कोणताही बदल झाला की तो एकाच ठिकाणी लिहिला जावा, एवढी साधी व्यवस्था असती तर दोन महिने आधीच ही गाठ सुटली असती.

एक प्रश्न आम्ही सोडवलेला नाही. आमचा फ्रीज फक्त थंड करू शकतो. कडाक्याच्या थंडीत उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीत तापमान शून्याखाली गेले, तर कॉम्प्रेसर गप्प बसेल आणि आतल्या कुप्या बाहेरच्या हवेसोबत गोठतील. गरम करण्याचीही सोय असलेले फ्रीज मिळतात, पण ते अधिक वीज घेतात आणि मग 18 तासांचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. तूर्त थंडीच्या दिवसांत रात्री डबा इमारतीत आणला जातो आणि गाडीची किल्ली त्याच्या कडीला अडकवलेली असते.